करंगळीएवढी फट

"करंगळी अजून दुखते का गं तुझी? मघाशी सारखी आत घेत होतीस."

भाऊबीजेच्या रात्री, वाईच्या घरात, उरलेल्या चकल्या डब्यात भरता भरता आत्यानं हे विचारलं. तिचं लक्ष डब्याकडे होतं. वरची चकली मोडू नये म्हणून ती झाकण तिरकं करून बसवत होती. मी "नाही गं, आता बरी आहे" असं काहीतरी म्हणाले आणि नुकताच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. प्रश्न तसा साधाच होता. जुलैत माझा डावा हात मोडला तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी तिचा फोन असायचाच. पण मोडलं होतं ते मनगट. करंगळीला काहीही झालं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर बसून, चिल्लीपिल्ली आणि त्यांचे आईबाप गोळा करून मी पत्त्यांची एक जादू दाखवली होती. त्या जादूचं सगळं गुपित माझ्या डाव्या करंगळीत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना खंबाटकीचा बोगदा मागे पडेपर्यंत मी तेवढंच घोळवत बसले होते. तिला कळलं होतं की नव्हतं? कळलं असेल, तर मग मघाशी सगळ्यांसमोर तोंडावर हात ठेवून "अगंबाई!" म्हणाली ते काय होतं?

हात मोडला तो सोसायटीच्या जिन्याखालच्या शेवाळलेल्या फरशीवर. पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. त्या मोडण्याला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात, डब्लिनच्या ज्या सर्जननं १८१४ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं त्याच्या नावावरून. सहा आठवड्यांचं प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. बारीक, फिकट, सालपटं निघालेला, आणि त्याला बंद ट्रंकेतल्या गोधडीसारखा वास. बोटं वळायची, पण मिटायची नाहीत. फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या निम्म्या वयाची. ती रोज टॉवेल पिळायला लावायची, मऊ चेंडू दाबायला लावायची, आणि घरी करायला म्हणून एका वाटीतले राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगायची. चौथ्या दिवशी राजम्यांचा इतका कंटाळा आला की आमच्याकडे महिनाभर राजमा शिजला नाही. मुलगा म्हणाला, "आई, त्यापेक्षा पत्ते पिस ना. बोटंही हलतील आणि जरा बरंही दिसेल."

घरात कॅट होता, पण त्यात जोकर तीन आणि चौकट पंजी गायब. तिच्या जागी एका जोकरवर निळ्या पेनानं 'चौ ५' लिहिलेलं. प्रत्येक घरात असा एक कॅट असतो, बहुधा. मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून नवा आणला. पहिले दोन दिवस नुसतं पिसणं. अर्धी पानं निसटून पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर पत्ते पिसण्याचे व्हिडिओ बघता बघता कुठल्यातरी पोराचे हात समोर आले (चेहरा दिसतच नव्हता, नुसते हात) आणि त्या हातांनी एक पान गठ्ठ्याच्या मधोमध खुपसलं, वर टिचकी मारली, आणि तेच पान सगळ्यात वर. मी ते अकरा वेळा पाहिलं. बाराव्यांदा कळलं की कळणार नाहीये. मग शोधलं. निघालं ते इतकं साधं, की चिडच आली.

दोन पानं एक म्हणून उचलायची. बस, एवढंच.

गुपित फोडते आहे म्हणून कुणी रागावू नये. नवशिक्यांसाठीच्या कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या काही पानांत असतं. 'डबल लिफ्ट' म्हणतात. तुम्ही निवडलेलं पान मी वरून दुसऱ्या जागी आणून ठेवलेलं असतं. मग वरची दोन पानं एकच असल्यासारखी उलटते. "हे बघा, तुमचं पान वर आहे." पुन्हा दोन्ही पालथी घालते, आणि आता जे खरोखर वर आहे ते, म्हणजे भलतंच पान, न दाखवता गठ्ठ्याच्या मध्ये सरकवते. तुमचं पान आता वरच असतं. ते गेलेलंच नाही कुठे. तुम्ही त्याला निरोप देऊन बसलात, एवढंच.

आता यात अवघड काय? अवघड आहे ती फट. कॅट डाव्या तळव्यावर किंचित तिरका धरायचा. अंगठा डाव्या कडेवर, तर्जनी पुढच्या कडेला वळवलेली, उरलेली तीन बोटं उजव्या कडेला. उजव्या हातानं पानं सारखी करायच्या मिषानं मागच्या कोपऱ्यातून वरची दोन पानं केसभर उचलायची आणि त्या फटीत डाव्या करंगळीच्या टोकाचं मांस शिरू द्यायचं. करंगळी घालायची नाही. नुसतं मांस, जेमतेम. एका पानाची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे दोन पानांचं ओझं ते किती! पण ते दोन आहेत, एक नाही आणि तीनही नाहीत, हे कोपऱ्यावरून अंगठा फिरवताना कातडीला कळावं लागतं. डोळ्यांनी बघायचं नाही. आई भाताचं शीत दोन बोटांत दाबून शिजलाय की नाही ते सांगायची, तसं. आणि माझी डावी करंगळी सहा आठवडे झोपून उठलेली. ती फटीत शिरायची ती बाहेरूनसुद्धा दिसेल अशी, पाट सारून पंगतीत घुसणाऱ्या माणसासारखी.

बांगड्या काढाव्या लागल्या. त्या नेमक्या वेळी वाजतात. जादूवरच्या सगळ्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत कोटाच्या बाह्यांबद्दल कितीतरी असतं, बांगड्यांबद्दल अवाक्षर नाही.

आणखी एक गोष्ट कुठे लिहिलेली सापडली नाही, ती मला भाद्रपदातल्या दमट हवेनं शिकवली. नवी गुळगुळीत पानं हातात दोन धरली की एकमेकांवरून सरकतात. कडेला पांढरी रेघ दिसते आणि सगळं फसतं. पण दोन आठवडे हाताळलेली, घाम आणि दमट हवा प्यायलेली आपली कागदी पानं एकमेकांना चिकटून असतात. लहानपणी आम्ही अशा पानांना टाल्कम पावडर चोपडायचो, वाटताना दोन-दोन जातात म्हणून भांडायचो. तोच दोष आता माझ्या कामी यायला लागला. नवऱ्यानं एकदा प्रेमानं माझा कॅट पुसून, पावडर लावून ठेवला. मी त्याच्यावर इतकी का भडकले ते त्याला अजून कळलेलं नाही.

महिनाभरानं हात बसला. मग मी मोबाईल पुस्तकांना टेकवून ठेवला आणि स्वतःचं चित्रण केलं. हात बरे होते. पण नेमक्या ज्या क्षणी मी दोन पानं उचलत होते, त्या क्षणी माझे डोळे मिटत होते. दर वेळी. निमिषभरच, पण मिटत होते. आरशासमोर सराव करताना मला वाटत होतं की काही दिसत नाहीये, म्हणजे जमलंय. दिसत नव्हतं कारण मी बघतच नव्हते! पुढे कळलं की नवशिक्यांचा हा जुनाच रोग आहे. खोटं करायचा क्षण आला की हात करतात आणि डोळे म्हणतात, आम्ही यात नाही.

मी बँकेत आहे. चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळवण्यात माझी पहिली सहा वर्षं गेली. सही खोटी असली की ती बहुतेक वेळा जास्त सुबक असते, हे तेव्हा एका जुन्या हेडकॅशियरनं शिकवलं होतं. खरी सही करणाऱ्याला सहीची पर्वा नसते. डबल लिफ्टचंही तसंच निघालं. एक पान उलटताना आपण कसं उलटतो? कसंही. बोलता बोलता, तिरकं, एका हातानं. आणि दोन उलटताना पूजेतलं पात्र उचलल्यासारखं, दोन्ही हातांनी, श्वास धरून. मग उलटाच सराव सुरू केला: एकच पान शंभर वेळा उलटायचं आणि आपण ते कसं उलटतो ते बघायचं. मग दोन पानं त्या एकासारखी. हातचलाखी हा शब्दच जरा चुकवतो आपल्याला. चलाखी म्हटलं की वाटतं चपळाई. अर्जेंटिनात रेने लाव्हांद नावाचा जादूगार होऊन गेला. नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. पुढचं सगळं आयुष्य त्यानं एकट्या डाव्या हातानं पत्त्यांची जादू केली. पानं टेबलावर ठेवायचा, उचलायचा, आणि म्हणायचा की यापेक्षा सावकाश करता येत नाही. मग आणखी सावकाश करायचा. मी त्याचे व्हिडिओ पाहत होते तेव्हा माझा डावा हात उशीवर ठेवलेला होता, गरम पाण्याच्या पिशवीखाली. तक्रार करायची सोय राहिली नाही.

पण मला सांगायचं आहे ते आत्याबद्दल.

आमच्या आत्याला पत्त्यांत फसवता येत नाही, हे आमच्या घराण्यातलं एक गृहीतक आहे. मेंढीकोटात तिचा भिडू व्हायला मारामारी असायची. चार जणांत तेरा-तेरा पानं वाटली की पहिल्या तीन-चार हातांतच तिला कुठली दश्शी कुणाकडे आहे ते कळलेलं असायचं. "तुझं किलवर संपलं, आता हुकूम काढ, उगाच विचार केल्यासारखं करू नकोस," असं ती समोरच्या भिडूला नाही, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला सांगायची. लिहिलेलं फारसं वाचत नाही, पण माणसं वाचते. कुणी पान टाकताना किती वेळ घेतला, कुणी पानांचा पंखा मिटून पुन्हा उघडला, कुणी उगाच पाणी मागितलं. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, आणि तेव्हापासून तर तिला समोरच्या घराच्या पत्र्यावरचं मांजर कुठलं आहे तेही सांगता येतं. अशा बाईसमोर मी माझी अर्धीकच्ची करंगळी घेऊन बसले होते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच जादू यायची. एकवीस पानांची. तुमच्यातल्या निम्म्यांच्या काकांना किंवा मामांना तीच येत असेल. एकवीस पानं, सात-सातच्या तीन ओळी, सगळी उघडी. मनात एक पान धरा, फक्त ओळ सांगा. गोळा करायची, पुन्हा मांडायची, पुन्हा ओळ. असं तीनदा. मग अण्णा पानं पालथी धरून एकेक नाकाशी न्यायचे आणि वास घ्यायचे. "हं... हे नाही. हे कालच्या भाजीचं. हे... थांबा, याला तुमच्या मनाचा वास येतोय." आणि तेच पान. साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही जादू एकदा तरी मिळायची, चहा आणि चिवड्याच्या मधल्या वेळात. अण्णा कचेरीत कारकून होते, बोलायला बुजरे. साहेब घरी आले की काय बोलावं हे त्यांना सुचत नसे. त्या एकवीस पानांवर त्यांचं बोलणं उभं असायचं.

नव्वदीची सुरुवात, मी सहावीत. शाळेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांचे प्रयोग दाखवायला आले. आमच्या पिढीतल्या मराठी शाळांना हा कार्यक्रम आठवत असेल. जिभेवर जळता कापूर. काडी न ओढता पेटलेला होम, ज्यात तूप म्हणून ओतलं ते ग्लिसरीन आणि खाली ठेवलेलं पोटॅशियम परमँगनेट. रिकाम्या हवेतून विभूती. ती आधीच गोळी करून बोटांच्या बेचक्यात दडवलेली. त्यांनी प्रत्येक प्रयोग आधी करून दाखवला आणि मग उलगडून दाखवला, आणि सांगितलं की प्रत्येक चमत्कारामागे कारण असतं, ते शोधा, प्रश्न विचारा. मी भारावून घरी आले. आजही मला वाटतं की माझ्या शाळेनं मला जे काही दिलं त्यात ती दुपार पहिल्या तीनांत येईल. पण प्रश्न विचारायला घरात बुवा नव्हता. अण्णा होते.

मी वहीत एकवीस आकडे मांडून बसले. दोन दिवस लागले. अण्णा सांगितलेली ओळ प्रत्येक वेळी इतर दोन ओळींच्या मधे ठेवतात, हे पहिलं सापडलं. मग बाकीचं आपोआप आलं: पहिल्यांदा एकविसातली सात उरतात, दुसऱ्यांदा त्या सातांतली फार तर तीन, आणि तिसऱ्यांदा ते पान मधल्या ओळीच्या मधोमध येऊन बसतं. वरून मोजा की खालून, अकरावं. वास घेण्याची गरज नाही. मन ओळखण्याचीही नाही. कोणीही करू शकतं, गाढवसुद्धा. हे शेवटचं मी त्या रविवारी खरोखर मोठ्यानं म्हणाले, अण्णांचे साहेब सहकुटुंब चहाला आलेले असताना, अण्णा चौथ्या पानाचा वास घेत असताना. "अण्णा, अकरावं आहे ना? तुम्ही दर वेळी मधेच ठेवता!" आणि पुढे होऊन पानं मोजून अकरावं उलटं केलं. किलवर राजा. साहेबांच्या बायकोनं धरलेलं तेच होतं.

साहेब टाळ्या वाजवून हसले. "पोरगी हुशार आहे हो तुमची! वकील होणार ही." अण्णाही हसले. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाले. मग त्यांनी पानं गोळा केली, चारही कडांनी टेबलावर ठोकून सारखी केली, डबीत घातली, आणि डबी कपाटावर ठेवली. त्यानंतर खोलीत जी शांतता झाली ती मला ऐकू आली नाही, मी माझ्या हुशारीत होते. आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. ती दारात उभी होती. माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "चल, कपबशा उचल."

अण्णांनी ती जादू पुन्हा केली नाही. कुणी मुद्दाम सोडली, कुणी रुसले, असं काही घडलं नाही. कपाटावरून पत्ते निघायचे, झब्बू व्हायचा, पाच-तीन-दोन व्हायचं. पाहुणे येत, अण्णा पंख्याचा वेग कमीजास्त करत आणि हवापाण्याविषयी बोलत. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या कपाटात पासबुकं, दोन चष्मे आणि रबरबँड लावलेला एक कॅट निघाला. बावन्नच्या बावन्न होती. एकवीस वेगळी काढलेली वगैरे काही नव्हती. असती तर बरं वाटलं असतं की वाईट, सांगता येत नाही.

जादूगारांच्या जगातही माझ्यासारखी हुशार माणसं होती. हुडिनीचं म्हणणं असायचं की कुठलीही युक्ती त्याला तीनदा दाखवा, तो ओळखून दाखवेल. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या माणसानं त्याला हीच जादू दाखवली: पान मधे घालायचं, ते वर यायचं. हुडिनीनं पानावर स्वतःची आद्याक्षरं लिहिली होती. तीनदा झालं, मग आणखी, आणि पुन्हा पुन्हा. हुडिनीला ओळखता आलं नाही. व्हर्नन पुढे आयुष्यभर 'हुडिनीला फसवणारा माणूस' म्हणून मिरवला. ही गोष्ट जादूगार फार आवडीनं सांगतात. मला मात्र त्यात ते 'परत दाखव, परत दाखव' ऐकू येतं. साखळदंड तोडून बाहेर येणारा जगप्रसिद्ध माणूस, आणि एका पत्त्यापुढे सहावीतल्या पोरासारखा हट्टाला पेटलेला.

दिवाळीआधी मी रंगीत तालीम म्हणून बँकेत जेवणाच्या सुट्टीत जादू केली. पहिल्यांदा तीन पानं आली. दुसऱ्यांदा एकच आलं, आणि मी ऐटीत भलतंच पान दाखवून "हेच ना तुमचं?" म्हणाले. तिसऱ्यांदा जमलं. आमच्या शिपायानं डबा तसाच ठेवून "मॅडम, हे काय!" म्हटलं, तेव्हा पोटात जे काही झालं त्यात आनंद होता, आणि त्याच्या तळाशी थोडं कानकोंडं वाटणंही होतं. त्या भल्या माणसाशी मी खोटं बोलले होते आणि तो माझ्यावर खूष होता. कॅशमधला एक तरुण मात्र लगेच म्हणाला, "दोन उचललीत तुम्ही." त्याच्याकडे बघून मी हसले. बरोबर आहे, बरोबर आहे. म्हणताना माझा आवाज अण्णांसारखा लागला. मग मी पानं टेबलावर ठोकून सारखी केली.

तर भाऊबीज. सतरंजीवर पोरं पुढे, मोठी माणसं भिंतीला टेकून, आत्या खुर्चीत, कारण तिचे गुडघे खाली बसू देत नाहीत. खुर्चीत म्हणजे माझ्या हातांच्या वर आणि किंचित मागे. जादू दाखवताना कुणालाही बसू देऊ नये अशी जागा. मी पान निवडायला कॅट तिच्याच पुढे केला, वडीलधारी म्हणून. तिनं काढलं बदाम सत्ती. पोरांनी हैदोस घातला, "आत्याआजीची उतारी, आत्याआजीची उतारी!" मी ते परत घेतलं, पिसताना दुसऱ्या जागी आणलं, फट धरली. करंगळी त्या दिवशी चांगली वागली, असं मला वाटलं. दोन पानं उलटली, बदाम सत्ती दाखवली, पालथी घातली, वरचं पान गठ्ठ्यात खुपसलं. "आत्या, फुंकर मार." तिनं फुंकर मारली. वर बदाम सत्ती. पोरं किंचाळली. धाकटा भाचा "परत कर, परत कर" म्हणून पायात घुटमळायला लागला. आणि आत्यानं तोंडावर हात ठेवून, डोळे मोठे करून म्हटलं, "अगंबाई! गेलं होतं ना गं ते आत?"

मेंढीकोटात मी तिला चाळीस वर्षांत कधी 'अगंबाई' म्हणताना ऐकलेलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिळगूळ घेऊन पुन्हा वाईला गेले. एकटीच. घरात आम्ही दोघी. तिनं कुकर लावला होता आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वालपापडी मोडत बसली होती. ऊन खिडकीतून थेट टेबलावर. बोलता बोलता अण्णांचा विषय निघाला, त्यांच्या वास घेण्याचा. ती हसली. "ते कुठून उचललं होतं त्यानं कोण जाणे. घाटावर कुणीतरी शिकवलं. मी असेन सात-आठ वर्षांची. दिवसातून वीस वेळा माझ्यावरच करायचा. धर पान, सांग ओळ. धर पान, सांग ओळ. मी शाळेतून आले की हा दारात कॅट घेऊन उभा."

"मग तुला कळलं नाही कधी? वीस वेळा बघून?"

"काय कळायचंय त्यात," ती म्हणाली. एक शेंग किडकी निघाली, ती तिनं बाजूला टाकली. "मोठी माणसं त्याला सारखी गप्प बसवायची. मी बघायचे."

मग हात पदराला पुसून म्हणाली, "ती तुझी दाखव बघू परत. आणलायस ना कॅट?"

आणला होता. पर्समध्ये होता, तिळगुळाच्या डब्याखाली. मी शेंगा बाजूला सारल्या. तिनं पान काढलं, बघितलं, इस्पिक अठ्ठी, परत दिलं. मी पिसलं. उन्हात पानांच्या कडा चमकत होत्या आणि ती समोर, हातभरावर, दोन्ही डोळे लखलखीत. करंगळीनं फट घेतली. उजवा हात वरून आणला, दोन पानांना अंगठा लागला, मी डोळे मिटू दिले नाहीत.

नेमकी त्या क्षणी आत्या मान वळवून कुकरकडे बघायला लागली. शिट्टी झाली नव्हती.